बादलीतली माती परत चाकावर आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातला फ्लॅट, बाल्कनीत कुंभारकामाचं चाक. ट्रिमिंगचा (भांड्याचा तळ कातताना निघालेला) कीस, फसलेली भांडी, चाकावरून उतरवलेले अर्धे गोळे असं सगळं तीन बादल्यांत साठलंय. त्यात बहुतेक स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची माती) आहे, थोडी टेराकोटाही (कमी तापमानाची लाल माती) पडली आहे. पाणी घालून महिना झाला तरी आत गुठळ्या आहेत, वास मारतो. त्यातलीच थोडी गाळून, सुकवून, मळून चाकावर घेतली तर भिंत वर चढताना कड फाटते. तेव्हा पग मिल (माती मळायचं यंत्र) घ्यावं, की सगळं टाकून द्यावं? शिवाय जाता जाता विचारलंय की गणपतीच्या शाडूचा गाळही याच बादलीत टाकला तर चालेल का.

टाकून देऊ नका, आणि पग मिलचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या प्रश्नात दोन दुखणी एकत्र झाली आहेत आणि त्यांची कारणं निरनिराळी आहेत. गुठळ्या राहतात त्या माती चुकीच्या अवस्थेत भिजवल्यामुळे. कड फाटते त्याचं मूळ मात्र भिजवण्याच्या कितीतरी आधी आहे. तुम्ही अगदी सहज लिहून गेलात की चाकाच्या ट्रेमधलं गढूळ पाणी रोज बाथरूममध्ये ओतून देता. माझ्या मते तुमच्या अडचणीचं खरं उत्तर त्या एका वाक्यात आहे. त्याकडे येतेच.

त्याआधी एक गोष्ट मान्य करते. ही सगळी खटपट करावी की नाही, हे तुमची माती कुठून येते यावर अवलंबून आहे. जवळच्या कुंभाराकडून लाल माती घेत असाल तर ती स्वस्त पडते, आणि दोन-चार किलो वाया गेली तरी फार बिघडत नाही. स्टोनवेअरची तयार माती मात्र बहुतेकांना बाहेरून मागवावी लागते. तिच्यात पाण्याचं वजन असतं आणि त्या पाण्याचंही भाडं आपणच भरतो. शिवाय जागा किती, ऊन येतं का, घरात लहान मूल किंवा दम्याचा माणूस आहे का, हेही बघावं लागतं. मी पुण्यात लहानसा स्टुडिओ चालवते, चाकावर शिकवते. शिकणाऱ्यांचं अर्धंअधिक काम परत बादलीतच जातं, त्यामुळे हे काम माझ्याकडे बारमाही चालू असतं. खाली लिहितेय ते मुख्यतः स्टोनवेअरला धरून.

आता गुठळ्या. पूर्ण वाळलेल्या मातीचा एक तुकडा पाण्यात टाकून बघा. लगेच बुडबुडे सुटतात, कडा झडायला लागतात आणि थोड्या वेळात तुकड्याचा नुसता ढीग उरतो. वाळलेल्या मातीत कणांमधल्या फटी रिकाम्या असतात. पाणी त्या फटींत आपोआप ओढलं जातं, आतली हवा कोंडते आणि बाहेर पडताना तुकडा फोडत जाते. अर्धवट ओल्या तुकड्यात त्या फटी आधीच पाण्याने भरलेल्या असतात. त्यामुळे आत शिरायला पाण्याला जागा नसते आणि फोडायला हवाही नसते. वरचा थर तेवढा बुळबुळीत होतो, आतला गोळा जसाच्या तसा राहतो. तुम्ही लेदर हार्ड (अर्धवट वाळून चामड्यासारखी कडक झालेली) भांडी आणि ओला कीस थेट पाण्यात टाकलात, म्हणून महिना गेला तरी गुठळ्या तशाच. वर्षभर ठेवलंत तरी फार फरक पडणार नाही.

म्हणून पहिला नियम असा की माती आधी पूर्ण वाळवायची, मगच भिजवायची. जाड गोळा आतून वाळायला फार दिवस घेतो, तेव्हा तो ओला असतानाच तारेने बोटभर जाडीच्या चकत्या कापून ठेवा. फसलेलं भांडं लेदर हार्ड असतानाच हाताने मोडून पसरवा. कीस पातळच असतो, तो ट्रेमध्ये मोकळा टाकला की झालं. वाळली की नाही ते रंगावरून कळतं, पण रंग फसवतो. तुकडा गालाला लावून बघा. गार लागला तर आत अजून ओल आहे.

तुकडे वाळल्यावर हातोडीने कुटून बारीक करायचा मोह होतो, कारण बारीक तुकडे लवकर भिजतात. ते करू नका. मातीच्या धुळीत मुक्त सिलिका असते आणि तिचे फुप्फुसात खोलवर जाणारे कण डोळ्यांना दिसतच नाहीत. धूळ बसली असं आपल्याला वाटतं तेव्हाही ते हवेत तरंगत असतात. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर बरं करणारा उपचार नाही. आपल्याकडे कारखान्यांमध्ये तो कायद्याने नोंदवणं बंधनकारक असलेला आजार आहे. घरचा स्टुडिओ कारखाना नसला तरी बाल्कनीतली धूळ बैठकीच्या खोलीत जातेच. म्हणून कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. पंखा बंद ठेवायचा. कोरडे तुकडे बादलीत सोडताना वरून ओतायचे नाहीत, हळूच पाण्यात सरकवायचे. कोरडी पावडर मोजून मिसळायची वेळ आली तर एन-९५ मास्क, तोही चेहऱ्याला नीट बसणारा. रुमाल बांधून काही होत नाही. ॲप्रन झटकू नका, पाण्यात बुडवा.

भिजवताना तुकड्यांच्या वर तीन-चार बोटं पाणी राहील एवढं घाला. कोमट पाणी असेल तर काम लवकर होतं. आणि मग हात लावू नका. लगेच ढवळलं तर बाहेरचा चिखल न भिजलेल्या तुकड्यांना लपेटतो आणि आत पाणी जायचं थांबतं. रात्रभर तसंच राहू द्या. ज्या मातीत बॉल क्ले (अतिशय बारीक कणांची चिवट माती) जास्त असते ती जरा जास्त वेळ घेते. दुसऱ्या दिवशी हात घालून बघा. चिखल सगळीकडे सारखा लागला की मग ढवळायचं. रंग मिसळायचं पातं ड्रिलला लावून ढवळता येतं, पण वेग कमी ठेवा आणि पातं पूर्ण बुडाल्यावरच ड्रिल सुरू करा. नाहीतर भिंतींवर नक्षी उठते आणि चिखलात हवा भरते ती वेगळी.

तुमच्या त्या महिनाभर भिजत पडलेल्या बादल्यांसाठी शॉर्टकट नाही. वरचा पातळ चिखल दुसऱ्या बादलीत काढून ठेवा, गुठळ्या ट्रेमध्ये पसरून खडखडीत वाळू द्या आणि नव्याने भिजवा.

आता गढूळ पाण्याकडे येऊ. चाकावर काम करताना हातावर, ट्रेमध्ये, पाण्याच्या भांड्यात जो चिखल जमतो, त्यात मातीतला सर्वांत बारीक भाग असतो. मातीला चिवटपणा येतो तो याच भागामुळे. हे कण चपटे आणि अतिसूक्ष्म असतात, त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो, आणि आपण दाबलं की ते एकमेकांवरून सरकतात पण सुटत नाहीत. क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार, ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) हे जाडे कण. भांडं उभं राहायला, वाळताना तडकू नये म्हणून आणि भट्टीत पक्कं व्हायला ते लागतात, पण वळणं त्यांच्या स्वभावात नाही. ट्रेमधलं पाणी ओतून दिलं की दर वेळी बारीक भाग थोडा जातो आणि जाडा मागे राहतो. एकदा-दोनदा काही कळत नाही. तीच माती फिरून फिरून वापरली की ती तुटक होते. गोळा मध्यावर छान बसतो, भोक पडतं, आणि भिंत ओढायला गेलं की कड दात काढते. तुमच्या मातीला झालंय ते हेच. मळण्यात काही कमी राहिली म्हणून झालेलं नाही.

तेव्हा दुसरा नियम हा, की चाकावरचं एक थेंबही गढूळ पाणी ओतायचं नाही. ट्रे, हात, हत्यारं, स्पंज सगळं एकाच बादलीत धुवायचं. संध्याकाळी ती बादली न हलवता ठेवायची. सकाळी वर निवळ पाणी आलेलं असतं, ते रबरी नळीने अलगद काढून पुन्हा धुण्यासाठीच वापरायचं. खाली बसलेला रेंदा भिजवायच्या बादलीत परत जातो. पाणी निवळत नसेल तर घाई करू नका, गढूळ आहे म्हणजे बारीक माती अजून त्यातच आहे. पंधरा लिटरच्या बादलीत दोन-तीन चमचे व्हिनेगर घातलं तर कण एकमेकांना धरून लवकर खाली बसतात. व्हिनेगर नको असेल तर एप्सम सॉल्ट चालतं. दहा किलो कोरड्या मातीमागे दहा ते वीस ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून घालायचं. त्याहून जास्त नको, वाळताना क्षार वर येतात.

बाथरूममध्ये ओतण्याचा दुसरा तोटा तुमच्या सोसायटीचा प्लंबर कधीतरी सांगेलच. माती पाइपच्या वाकात बसते, वरून साबण येतो, आणि ती निघता निघत नाही. आणि बादल्यांना घट्ट झाकणं लावा. माती झाकली जाते हे खरं, पण मुख्य कारण डास. पावसाळ्यात पालिकेचे लोक डेंग्यूसाठी साचलेलं पाणी बघत घरोघर फिरतात, आणि निवळ पाण्याच्या उघड्या बादल्या पाहून त्यांना सिरॅमिक्सचं कौतुक वाटणार नाही.

गाळण्याबद्दल थोडक्यात. चिखल ताकापेक्षा दाट, ओतता येईल इतपत असताना गाळायचा. स्पंजचे तुकडे, केस, काड्या, तुटलेल्या सुया निघण्यापुरती जाळी पुरते. फक्त एक बघा, तुमच्या मातीत ग्रॉग आहे का? ६० नंबरच्या जाळीचं भोक साधारण पाव मिलिमीटरचं असतं. ग्रॉग त्याहून जाड असेल तर तो जाळीवर अडकून बाहेर जातो आणि तुमच्या हातात वेगळीच माती येते, जास्त आकसणारी. ग्रॉगवाल्या मातीला १६ नंबरची जाळी घ्या, नाहीतर नुसता हात फिरवून कचरा काढा.

आता पाणी काढणं. याचे तीन रस्ते आहेत आणि कुठला निवडायचा ते तुमच्या जागेवर आणि ऋतूवर ठरवा. सगळ्यांना माहीत असलेला रस्ता म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची लादी. शंभर भाग प्लास्टरला सत्तर भाग पाणी, वजनाने. प्लास्टर पाण्यात भुरभुरायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही. दोन मिनिटं मुरू द्यायचं, बुडबुडे न करता ढवळायचं, साच्यात ओतायचं. लादी दोन इंच तरी जाड हवी. आठवडाभर तरी सावलीत वाऱ्यावर वाळल्याशिवाय वापरायची नाही, आणि लवकर वाळावी म्हणून ओव्हनमध्ये किंवा तापलेल्या भट्टीवर ठेवायची नाही. जास्त उष्णतेने प्लास्टर भुसभुशीत होतं. कडा घासून गोल करा आणि लादीवरची माती काढायला धातूची पट्टी कधीही वापरू नका. प्लास्टरचा कण मातीत गेला तर भट्टीत भाजून त्यातला कॅल्शियम हवेतली ओल ओढत राहतो आणि फुगतो. भांडं भाजून, ग्लेझ (काचेसारखा लेप) होऊन, एखाद्याला भेट दिल्यावर काही आठवड्यांनी त्यातून टवका उडतो. म्हणून मी लादीवर मांजरपाट अंथरते आणि चिखल त्यावर ओतते.

दुसरा रस्ता माझा आवडता आहे: जुनी मंगलोरी कौलं. न रंगवलेलं, न ग्लेझ केलेलं कौल भरपूर पाणी पितं, उन्हात ठेवलं की पुन्हा तयार होतं आणि त्याचा कण मातीत गेला तरी प्लास्टरसारखा घात होत नाही. वाडे, शाळा पाडतात तिथे ती मिळतात. ब्रशने नीट घासून धुवा, कारण जुन्या कौलांवर चुना असतो, आणि चुन्याचा कण प्लास्टरइतकाच वाईट. कौलावरही कापड हवंच. विटा मी टाळते, त्या झडतात.

तिसरा रस्ता फ्लॅटमधल्या माणसाला सर्वांत सोपा. श्रीखंडासाठी चक्का बांधतो तसा चिखल मांजरपाटात किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून टांगायचा. खाली बादली. पाणी गळून जातं, कापडातून वाराही लागतो, आणि ना लादी लागते ना जागा. फक्त एका पिशवीत चार-पाच किलोपेक्षा जास्त भरू नका, मधला भाग पातळच राहतो. कापड बारीक विणीचं हवं. खाली पडणारं पाणी सुरुवातीला गढूळ असेल, ते अर्थातच परत बादलीत.

लादीवर किंवा कौलावर चिखल दीड इंचाहून जाड पसरू नका. कडा आधी वाळतात, त्या अधूनमधून आत दुमडा. कापडावरून सोलून निघायला लागला की उलटा. बोट दाबल्यावर ठसा राहतो पण बोटाला माती चिकटत नाही, तिथे थांबायचं. चाकासाठी मी नेहमीपेक्षा किंचित मऊच उचलते, कारण मळताना हात आणि ओटा दोघेही पाणी ओढतात.

ऋतूचं गणित मात्र स्वतःच बसवावं लागतं. जुलैत ठाण्याची हवा इतकी दमट असते की लादी स्वतःच ओली राहते. तेव्हा लादी पंख्याखाली उभी करून वाळवावी लागते आणि तरी दिवसाला एकच खेप होते. मी पावसाळ्यात चिखल करून झाकून ठेवते, त्याला महिनोन्‌महिने काही होत नाही. वाळवायची कामं फेब्रुवारी ते मे. याउलट मे महिन्यात नागपूरला किंवा संभाजीनगरला कुणी हे करत असेल तर उन्हात ठेवूच नये. तासाभरात वरून खापरी आणि आत राबडी असं होतं. सावली आणि वर एक ओलसर कापड, एवढं पुरतं.

मळणं. वेगवेगळ्या ओलीची माती एकत्र करायची असेल तर थेट मळायला बसू नका. मऊ आणि घट्ट मातीच्या चकत्या आलटून पालटून रचा, गोळा आपटा, तारेने मधोमध कापा, अर्धा भाग अर्ध्यावर आपटा, पुन्हा कापा. दर वेळी थरांची संख्या दुप्पट होते. वीस वेळा कापलं की एका थराचे दहा लाखांहून जास्त थर झालेले असतात, ते हाताला कळणंही शक्य नाही. हे काम वजनाने होतं, मनगटाने नाही. मग शेवटी हवा काढण्यापुरतं मेंढ्याच्या डोक्याच्या आकारात किंवा शंखाकार मळलं की पुरे. कुंभारांकडे माती पायाने तुडवतात तीही याचसाठी. तुमची माती दहा किलोच्या वर असेल तर जाड ताडपत्रीत गुंडाळून तुम्हीही तुडवा, पाठ वाचेल.

मळून झाल्यावर लगेच चाकावर घेऊ नका. ओल्या फडक्यात, वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळून किमान दोन-तीन आठवडे ठेवा. पाणी एकेका कणापर्यंत पोचायला वेळ लागतो. वासाचं उत्तरही इथेच आहे. माती मुरताना त्यात जिवाणू वाढतात, काळे डाग पडतात, गटारासारखा वास येतो. मातीच्या दृष्टीने हे बिघडणं नव्हे, अशी माती उलट हाताला जास्त चिवट लागते, आणि तो काळेपणा भट्टीत जळून जातो. बुरशीची ॲलर्जी असणाऱ्याने मात्र हातमोजे घालावेत. घरच्यांचा फारच विरोध असेल तर झाकण उघडून चिखल ढवळा, हवा लागली की वास बराच कमी होतो.

आता तुमच्या हातात जी तुटक माती आहे तिचं काय? आधी तपासा. पेन्सिलएवढी जाड वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. बारीक रेघा उमटल्या तर चालतंय, आडवे तडे गेले तर बारीक भाग गेलेला आहे. सर्वांत सोपा इलाज म्हणजे एक भाग ही माती आणि दोन भाग त्याच प्रकारची नवी माती. चकत्यांच्या पद्धतीने एकत्र करा. नवी माती नको असेल तर चिखल असतानाच बॉल क्ले मिसळा, कोरड्या वजनाच्या पाच टक्क्यांपासून सुरू करा. आपल्याकडे ती राजस्थानात बिकानेरकडून येते आणि सिरॅमिकचं सामान विकणारे ठेवतात. तिसरा इलाज बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी अतिबारीक माती). कच्छमध्ये तो भरपूर निघतो. एक, फार तर दोन टक्के. तो थेट चिखलात टाकला तर जेलीसारख्या गाठी होतात, म्हणून आदल्या दिवशी भरपूर पाण्यात भिजवून, गाळून मग मिसळायचा. दोन टक्क्यांच्या वर गेलात तर भांडी जास्त आकसतात आणि वाळताना तडकतात. मी स्वतः नव्या मातीचा मार्ग धरते. बाकी दोन्हींत मातीचा फॉर्म्युला बदलतो आणि ग्लेझ पूर्वीसारखं बसेलच असं नाही.

टेराकोटा पडली आहे त्याबद्दल. लाल माती साधारण ९५० ते ११०० अंशांत पक्की होते, स्टोनवेअर १२०० ते १२८० च्या दरम्यान. लाल मातीतलं लोह वरच्या तापमानाला वितळायला मदत करतं. एका बादलीत मूठभर पडली असेल तर रंग थोडा गडद येईल, बाकी काही नाही. पाव हिस्सा असेल तर भांडं खचेल, फुगेल किंवा भट्टीतल्या शेल्फला चिकटेल, आणि शेल्फ भांड्यापेक्षा महाग असतं. किती पडली ते आठवत नसेल तर अंदाज करू नका, चाचणी करा. बारा सेंटिमीटरची पट्टी, त्यावर बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ. दोन टोकांना आधार देऊन, खाली तुटक्या शेल्फच्या तुकड्यावर ॲल्युमिना (चिकटू नये म्हणून वापरायची पूड) पसरून, तुमच्या नेहमीच्या तापमानाला भाजा. रेघ आता किती उरली त्यावरून आकसणं कळेल, मधे वाकली तर माती त्या तापमानाला टिकत नाही. मग ती पट्टी कोरडी तोला, पाच तास उकळा, त्याच पाण्यात चोवीस तास ठेवा, वरून पुसून पुन्हा तोला. २०० ग्रॅमची २०४ झाली तर दोन टक्के पाणी प्यायली, कपासाठी ठीक. २१६ झाली तर आठ टक्के, तिचे कप करू नका. अशा मातीच्या कुंड्या करा आणि बिस्कच्या (ग्लेझआधीच्या पहिल्या भाजणीच्या) तापमानालाच थांबा.

पुढच्या वेळेपासून बादल्यांवर नावं टाका. पांढरी, लाल, आणि ‘माहीत नाही’. या तिसऱ्या बादलीची मला सर्वांत जास्त मदत होते. काय आहे ते सांगता न येणारी प्रत्येक गोष्ट तिच्यात जाते आणि बाकीच्या दोन वाचतात. पांढऱ्या मातीसाठी लोखंडी घमेलं वापरू नका, गंजाचे कण तपकिरी ठिपके होऊन वर येतात.

काही गोष्टी कुठल्याच बादलीत नकोत. ग्लेझचे ब्रश आणि हात धुतलेलं पाणी वेगळं ठेवा, त्यात कोबाल्ट, मँगनीज, तांबं काय काय असतं. साच्यात ओतायच्या स्लिपचे (पातळ केलेल्या मातीचे) तुकडेही नकोत, त्यात सोडियम सिलिकेट असतं. ते कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं, म्हणून ती माती चाकावर ढिली पडते आणि उभी राहत नाही. आणि बिस्क झालेलं भांडं तर नाहीच. साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान मातीच्या रचनेतलंच पाणी निघून जातं, मग ती पुन्हा माती होत नाही. त्याचा ग्रॉग करता येतो, पण घरात कुटू नका, वर धुळीबद्दल लिहिलंय तेच.

पग मिल कधी? आठवड्याला पंचवीस-तीस किलो माती फिरत असेल, किंवा मनगट-पाठ दुखत असेल तर. तेही मातीतली हवा ओढून घेणारं असेल तरच मळण्याचा त्रास वाचतो, साध्या यंत्रातून निघालेली माती पुन्हा मळावीच लागते. आणि माती बदलताना ते पूर्ण उघडून धुवावं लागतं. बाल्कनीतल्या एका चाकासाठी त्या पैशात दोन वर्षांची माती येईल.

राहिला शाडू. विसर्जन केलेली शाडूची मूर्ती बादलीत विरघळते ती वर सांगितलेल्याच कारणाने, ती खडखडीत वाळलेली असते. पण तो गाळ भट्टीच्या मातीत टाकू नका. त्यात मूर्तीचा रंग असतो, कधी आतल्या आधाराच्या काड्या आणि सुतळी असते, आणि तो शाडू किती तापमानाला टिकतो हे तुम्ही तपासलेलं नाही. शिवाय विकत घेतलेली मूर्ती नक्की शाडूचीच होती याची खात्री असेल तरच हे बोलणं. रात्रभर पाण्यात राहूनही तुकडे कडक असतील तर ते प्लास्टर आहे आणि ते तुमच्या मातीपासून जितकं लांब तितकं बरं. खरा शाडू असेल तर पहिलं रंगीत पाणी निवळल्यावर काढा, रंगाचे पापुद्रे हाताने उचला, गाळा आणि अभ्र्यात टांगून ठेवा. पुढच्या वर्षी घरची मूर्ती हाताने करायला तो उत्तम, कारण ती भाजायची नसतेच. त्याची चौथी बादली करा आणि झाकणावर मोठ्या अक्षरात ‘शाडू, भट्टीत नाही’ असं लिहून ठेवा.